माझ्या वाट्याचा रोट

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. बायकोला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच नाही, कारण माझ्या खिशात काय आहे ते ती खिशाकडे न बघता सांगते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिचं ठाम मत आहे की हा माणूस बाकी कसाही असो, खोटं बोलणं याला जमत नाही. जमतं. एकदा जमलं—म्हणजे दोनदा—आणि असं बेमालूम जमलं की आजवर उघडं पडलं नाही.

आधी दुसरंच सांगतो. कॅनडात येऊन एवढी वर्षं झाली, तरी गावाकडचं कुणी भेटलं की हमखास एक प्रश्न येतो. पस्तावा होतो का हो, देश सोडल्याचा? विचारणाऱ्याचा चेहरा आधीच दुःखी झालेला असतो. त्याला हवं ते उत्तर मी देतो. मान हलवतो, उसासा टाकतो, कळण्याच्या भाकरीचं नाव काढतो. मग त्यालाही बरं वाटतं आणि मलाही सुटल्यासारखं होतं.

खरं सांगू? मला कधीच पस्तावा झाला नाही. आठवण येते, पुष्कळ येते. भरिताची वांगी काडक्यांवर भाजतानाचा वास तर अजून नाकात आहे. पण आठवण येणं वेगळं आणि पस्तावणं वेगळं, नाही का? एकोणसत्तर साली टोरांटोपासून तासाभरावरच्या एका कारखान्यांच्या गावात मी उतरलो, आणि तिसऱ्याच दिवशी लेथपुढे उभा राहिलो. काय मशीन होतं ते! बसवलेलं माप हलत नव्हतं, हत्यार घासून घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पहिला बर्फ पडला तेव्हा बाकीचे आपल्याकडचे लोक कुडकुडत नशिबाला बोल लावत होते, आणि मी फाटकाबाहेर उभा राहून दोन्ही मुठींत बर्फ घेऊन हसत होतो. या देशाने मला काम दिलं, मान दिला, पोरींना शाळा दिल्या. मी त्याचा ऋणी आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज आहे ती दुसऱ्या गोष्टीची.

ती गोष्ट सुपडूची आहे.

सुपडू माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. काकूची आधीची दोन मुलं गेली, म्हणून हा जन्मला तसा याला सुपात घातला आणि नावही तेच ठेवलं. नरडाण्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात आम्ही एकाच अंगणात वाढलो. मी आईबापांना एकुलता एक, पण एकटा कधी नव्हतो. धुळ्याला टर्नरचं शिक्षण दोघांनी बरोबर घेतलं, आणि वरणगावच्या कारखान्यात लागलोही एकाच वर्षी.

आणि सगळीकडे तो पहिला, मी दुसरा. तोही कसा? मी रात्रंदिवस घोकून दुसरा, तो हसतखेळत पहिला. सुपडूचा अंगठा सगळ्या कारखान्यात माहीत होता. लेथवरचा जॉब, म्हणजे कातायला लावलेला तुकडा, थांबवायचा, त्यावर अंगठा फिरवायचा आणि सांगायचं—दोन थाऊ जास्त आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, डोळ्याला दिसायची बात नाही. मग मायक्रोमीटर लावून बघायचं, तर दोन थाऊ जास्त. मला ते त्याने शिकवलं. दोन पावसाळे शिकवलं, माझा अंगठा स्वतःच्या हातात धरून. मला जमायला लागलं तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. मी मात्र कारखान्यात शेवटपर्यंत ‘सुपडूचा भाऊ’ म्हणूनच ओळखला गेलो. मला त्याचा राग होता का? होता. माझ्यावर एवढी माया करणाऱ्या माणसाचा मला राग होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

कॅनडाचा अर्ज दोघेही भरणार होतो. ऐन वेळी काका आजारी पडले, सुपडू थांबला, मी निघालो. भुसावळच्या स्टेशनवर त्याने मला डब्यात बसवलं आणि खिडकीतून एवढंच म्हणाला, की पुढे जाऊन बघ, तू म्हणशील तसं करू.

आता दोन वर्षं पुढे या. आमचा फोरमन पोलंडचा होता, युद्धानंतर स्वतःही असाच कुठून कुठे येऊन पडलेला. एक दिवस मी जॉबवर अंगठा फिरवून माप सांगितलं. त्याने तपासून बघितलं, पुन्हा तपासलं, चार माणसं बोलावून दाखवलं. कुठे शिकलास म्हणाला. मी म्हणालो, माझा मीच. मग त्याने विचारलं, तुझ्यासारखा अजून कुणी आहे का तुझ्या गावात? असेल तर नाव दे, कारखान्याचं पत्र मी मिळवून देतो.

त्याच आठवड्यात सुपडूची चिठ्ठी आली होती. काका बरे झाले होते. त्याने अर्ज भरून ठेवला होता, फक्त टपालात टाकायचा राहिला होता. शेवटी एकच ओळ—बापू, येऊ का?

योग किती जुळून आला होता बघा. इकडे पत्र तयार, तिकडे अर्ज तयार. मधे फक्त मी.

फोरमनला मी सांगितलं, कुणी नाही.

आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सुपडूला लिहिलं. खिडकीबाहेर बर्फावर छान ऊन पडलं होतं. समोर कॉफी होती, पोट भरलेलं होतं, आदल्याच दिवशी मला वरच्या जागेवर घेतल्याचं कळलं होतं—आणि मी लिहीत होतो की येऊ नको. मी फसलो. इथे आपलं शिक्षण धरत नाहीत. मला लेथला हात लावू देत नाहीत, मशीनखालचा कीस झाडायला लावतात. थंडीने बोटं काम देत नाहीत. येऊन चूक केली, पण आता कोणत्या तोंडाने परत येऊ? घरी सांगू नको. हे शेवटचं वाक्य तर मी दोनदा लिहिलं.

का केलं असं? त्याच्या काळजीने नाही. नोकरी जाईल या भीतीनेही नाही, कामं मुबलक होती. मला तिथे पहिला राहायचं होतं. तो आला असता तर महिन्याभरात फोरमनने चार माणसं बोलावून त्याचा अंगठा दाखवला असता, आणि मी सात समुद्रांपलीकडे येऊनही पुन्हा सुपडूचा भाऊ झालो असतो. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

सुपडूने अर्ज फाडला. उलट टपाली लिहिलं की खरं सांगितलंस, उपकार झाले, तू जिवाला जप. आणि माझी अब्रू त्याने अशी राखली की काय सांगू. गावात कुणाला अक्षर कळू दिलं नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगत राहिला की बापू तिकडे मोठ्या मशीनवर आहे, साहेब लोक त्याला विचारून काम करतात. त्याच्या हिशेबाने हे धडधडीत खोटं होतं. आयुष्यात तो तेवढं एकच खोटं बोलला असेल, आणि तेही खरं निघालं.

चौऱ्याहत्तर साली आबा गेले. तार माझ्या हातात पडली तोवर सगळं उरकलं होतं. एकुलता एक मुलगा मी—आणि अग्नी दिला सुपडूने. डोकं त्याने भादरलं, दहावा त्याने केला, आईला महिनाभर स्वतःजवळ ठेवून घेतलं. कधी कधी मन हळूच म्हणतं, बघ, तो तिथे राहिला म्हणून हे सगळं झालं, तुझं खोटं कामी आलं. असं म्हणणाऱ्या मनाच्या थोबाडीत मारावी वाटते. आबांसाठी का लिहिली होती ती चिठ्ठी?

दोन वर्षांनी आईने निरोप धाडला की या श्रावणात कानबाईला तरी ये. आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात देवी बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घ्यायचं—पाळण्यातल्या पोराच्याही आणि परदेशी गेलेल्याच्याही. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, उरू द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही.

बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, म्हणून मी एकटाच निघालो. तिने बॅगेत नवा सूट ठेवला होता. तिची पाठ वळल्यावर मी तो काढून कपाटात टांगला आणि विटलेले दोन शर्ट भरले. फसलेला माणूस सुटात कसा येईल? एवढा विचार मी केला होता, बरं का. चोराला खळ्यात उतरताना सुचणार नाही इतका बारीक विचार.

घर तेच होतं. आई वाकली होती. रविवारी गंगाफळाची भाजी, खीर, रोट—सगळं ताटात वाढून ती माझ्यासमोर बसली आणि कौतुकाने सुपडूकडे बोट करून म्हणाली, “दरसाल तुना वाटाना रोट सुपडूच खास. पोट भरेल ऱ्हास तरी खास.”

म्हणजे सात वर्षं. दर श्रावणात हा माणूस वरणगावहून रजा काढून, भुसावळला गाडी पकडून नरडाण्याला उतरत होता, दोन कोस चिखल तुडवत होता, स्वतःच्या वाट्याचं खाऊन झाल्यावर माझ्या वाट्याचं खात होता. माझा घास वाया जाऊ नये म्हणून. सुपडू हसून म्हणाला की यंदा पोटाला सुट्टी.

सोमवारी सकाळी देवी नदीवर पोचवून सगळे परतले. आम्ही दोघे काठावरच्या बाभळीखाली मागे राहिलो. उरलेला रोट संपवायचा होता, तो त्याने फडक्यात बांधून आणला होता. एक त्याच्या वाट्याचा, एक माझ्या. त्याने माझ्या शर्टाच्या विटलेल्या कॉलरकडे बघितलं आणि नजर लगेच दुसरीकडे वळवली. मला वाईट वाटू नये म्हणून.

“आते खरं सांग, भो,” तो म्हणाला. “गाव सोडं त्याना पस्तावा व्हस का तुले?”

त्याने विचारलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. तो रागावला नसता हो, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचा स्वभावच तसा. त्याचं वय पस्तिशीच्या आत होतं, अर्ज अजून भरता आला असता, फोरमन अजून तिथेच होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात जुळवलंही.

आणि मान हलवली. हो. होतो पस्तावा.

डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खरं होतं. ते कशाचं होतं ते त्याला कळणार कसं? त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला—तोच अंगठा, मानेखाली—आणि म्हणाला, “तू खरं लिखं म्हनीसन मी वाचनू. नहीते मीबी तठे झाडू मारतू.” मग स्वतःच्या रोटाचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढे धरला. “हाई बी खाय.”

रोट टाकायचा नसतो. मी माझा खाल्ला आणि त्याच्यातलाही अर्धा खाल्ला.

सुपडू आहे अजून. नोकरी संपवून गावी येऊन राहिलाय. आई गेल्यापासून माझ्या नावाची सव्वा मूठ त्याच्याच घरी घेतात, आणि दर श्रावणानंतर त्याची चिठ्ठी येते की तुझ्या वाट्याचा खाल्ला, काळजी करू नको. मी उत्तर लिहितो. पोरींचं लिहितो, हवापाण्याचं लिहितो. मला इथे येण्याचा पस्तावा एक दिवसही झाला नाही, ही एक ओळ मात्र त्याला अजून लिहिलेली नाही.