नऊ मास्तर आणि एक पान

आम्हा मास्तरांना निसर्ग कसा शिकवावा हे शिकवायला तुंगार्ली गावाहून एक रानाची जाण असलेला शेतकरी सायकलवर यायचा. सरळ उत्तर देणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. 'चहा घेणार का?' म्हटलं, की म्हणायचा, "सावली बगून सांगा, चहाची येळ झाली का?" आम्ही सावली बघेपर्यंत चहा गार.

एकदा जाताना म्हणाला, "गुरुजी, उद्या परत्येकानं झाडाचं एक पान आणा."

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ मास्तरांनी आंब्याची नऊ पानं आणली. हेडमास्तर आंब्याचं आणणार ही बातमी आदल्या संध्याकाळीच फुटली होती, आणि हेडमास्तरांचं पान चुकणार कसं?

तो हसला नाही. सगळी पानं पिशवीत घालून ढवळली आणि जमिनीवर ओतली. "आता आपापलं उचला."

आम्ही उकिडवे बसून शोधू लागलो. बारा वर्षं मी फळ्यावर पानाचे भाग काढत होतो, पण माझ्याच पानाचा चेहरा मला आठवेना. हेडमास्तरांनी बेधडक सगळ्यांत मोठं पान उचललं.

"गुरुजी, ते माजं हाय," तो अदबीने म्हणाला. "तुमी समदे आंबाच आणणार, ह्ये मला ठावं व्हतं. म्हणून मीबी आंब्याचंच आणलं, आन् पिशवीत आदीच टाकून ठेवलं व्हतं."

"तुमचं कशावरून?" हेडमास्तर गुरगुरले.

"कडंला अळीनं कुरतडलंय. त्येच बगून तोडलं व्हतं."

शेवटी हाताला लागलं ते पान मी घरी नेलं. अजून माझ्या वहीत आहे. कुणी विचारलं तर माझंच म्हणून सांगतो, पण आंब्याची कल्पनाच हेडमास्तरांची, तेव्हा पानही बहुधा त्यांचंच असावं.