बंद न पडलेले माग

सोलापूरच्या एसटी स्टँडवर पुण्याची बस लागली होती आणि अप्पा कारखान्यातून थेट तिथे आले होते. केसांत आणि भुवयांवर सुताचे तंतू. अप्पा, माझे वडील, यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. अव्वाने, म्हणजे आईने, माझ्या बॅगेत सहा टॉवेल कोंबले होते, किनार वाकडी आली म्हणून कारखान्याने बाजूला काढलेले. मी कॉम्प्युटरची पदवी घेऊन पहिल्या नोकरीला निघाले होते. अप्पा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "माग बंद पडल्यावर येतो तो जॉबर न्हाई. पडायच्या आधी येतो, तो जॉबर. तितं बी तसंच राहा. आन् केलेलं सांगत फिरू नको."

चोवीस वर्षं मी ते पाळलं. सोलापुरातून पुण्याला गेलेल्या आणि बॅग भरून बसलेल्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे, कारण ते तसंच्या तसं पाळणं ही माझी चूक होती.

माझ्याकडे एका विमा कंपनीचा जुना प्रोग्राम आहे. हप्ता भरायची आठवण देणाऱ्या नोटिसा तो पाठवतो. नव्या पोरांना त्याच्याकडे बघायचीही इच्छा नसते. रोज सकाळी बाकीचे यायच्या आत मी त्याचा लॉग वाचते, म्हणजे त्याने आपल्या कामाची स्वतःच लिहून ठेवलेली नोंद. चाळीस मागांच्या खडखडाटात अप्पांना एकाच मागाचा, आडवा धागा नेणारा धोटा अडखळलेला ऐकू यायचा. मला एखादं काम रोजच्यापेक्षा चार सेकंद जास्त घेतंय हे दिसतं. मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचे आणि चहाला जायचे. कुणाची तक्रार आलेली नसायची, म्हणून तिकीट, म्हणजे बिघाडाची कंपनीतली नोंद, उघडलेलं नसायचं. तिकीट नाही म्हणजे कंपनीच्या लेखी काम झालेलंच नाही.

आमच्या शेजारच्या टीमची सिस्टीम गेल्या वर्षात तीनदा कोसळली. तिन्ही वेळा सगळे कॉलवर, धावपळ, पिझ्झा, आणि दुसऱ्या दिवशी वरून आभाराची मेल. ज्याने न तपासता प्रोग्राममध्ये बदल ढकलून ती पाडली होती, त्याचंच नाव त्या मेलमध्ये सगळ्यात वर. मी ती मेल वाचली आणि कामाला लागले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

मग अप्रेझल आलं. माझा मॅनेजर निखिल माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे, मुलगा वाईट नाही.

"मॅडम, तुमच्या सिस्टीमवर वर्षभरात एकही इन्सिडंट नाही."

"मग चांगलंच आहे की."

"वरून तेच विचारतायत," तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "जिथे काही होतच नाही, तिथे इतकी सीनियर व्यक्ती कशाला?"

तिमाही संपताना आमच्या मजल्यावरून तिघांना काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

शनिवारी सोलापूरला गेले. अप्पा आता घरीच असतात. त्यांना सगळं सांगितलं. तू बरोबर वागलीस, एवढं त्यांनी म्हणावं, इतकीच अपेक्षा होती.

ते म्हणाले, "मला बी काढलं हुतं की एकदा."

"कधी?"

"तू सातवीत हुतीस. माझ्या रांगेतले माग बंदच पडंनात, तर मालक म्हटला दोन जॉबर कशाला. पंधरा दिवसांत निम्मी रांग बंद. मग आला घरी बोलवायला."

"मग?"

"मग काय. तितनं पुढं बिघाड कळला की आदी माग बंद करायचो. मालक केबिनमधनं उठून येईस्तोवर थांबायचो. मग हात लावायचो."

"अप्पा, हे स्टँडवर का नाही सांगितलं?"

"बस सुटायली हुती."

अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली, "खोटं बोलायलेत. लेकीपुढं लबाड दिसायचं नव्हतं त्यास्नी."

अप्पांनी खाटेवर कूस बदलली. मी निम्म्या सल्ल्यावर चोवीस वर्षं काढली होती.

सोमवारपासून मी आधी तिकीट उघडते. काय बिघडणार, कधी, आणि किती लोकांची नोटीस अडकणार, साध्या भाषेत लिहिते. मुद्दाम काही बिघडवत नाही, बिघाड असेल तोच लिहिते. निखिल कॉफी घेऊन येतो, स्क्रीनवर तिकिटाची लाल ओळ बघतो, घाईने माझ्या टेबलाशी येतो. "काय झालं मॅडम?" मी समजावते. मग हात लावते. काम पूर्वीसारखंच दहा मिनिटांचं आहे, सांगायला चाळीस लागतात. ती चाळीस मिनिटं मला अजून चीड आणतात.

काढायच्या लोकांची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. निखिल म्हणाला, "या तिमाहीत तुमचं काम फार छान झालं." चोवीस वर्षांतलं माझं सगळ्यात कमी काम त्याच तिमाहीत झालं होतं.

तेव्हा पोरांनो, काम आपोआप कुणाला दिसत नाही. केलेलं लिहा, लिहिलेलं दाखवा, लाज वाटली तरी दाखवा. तुमच्या आईबापांनी दिलेला सल्ला पुरा आहे का, तेही एकदा बसून विचारा. बस सुटायच्या आधी विचारलं तर उत्तम.

मागच्या महिन्यात पुन्हा सोलापूरला गेले होते. दुपारी अप्पा डोळे मिटून पडले होते. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज मला जरा वेगळा वाटला. मी तो बंद केला, स्टुलावर चढून एक स्क्रू आवळला, पुन्हा चालू केला आणि स्टूल जागेवर ठेवलं. त्या घरात तिकीट उघडायची सोय नाही.

"ढिला झाला हुता व्हय?" अप्पांनी डोळे न उघडता विचारलं.