वापर: निवासी

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, माझी आई कमलबाई हिच्यावर अन्याय झाला. त्या वेळी ती हसत होती आणि तिच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची ताटली होती. हे मुद्दाम सांगते, कारण अन्याय होताना माणूस आक्रोश करतो असं आमच्या पत्रकांत छापलेलं असतं. ती पत्रकं मीच लिहिते.

इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या रस्त्यापासून आत आमची वस्ती. घर पत्र्याचं. न्हाणी म्हणजे चार बांबू आणि जुन्या लुगड्याचा आडोसा. आई आंघोळीला बसली की बाहेर राखणीला मी. वारा सुटला की आंघोळ रद्द. आईला बंगला नको होता. तिला न्हाणीला भिंत हवी होती आणि दाराला आतून कडी.

गोठा मात्र आमचा स्लॅबचा. दुधाचे चार पैसे साठले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी म्हशींवर छप्पर घातलं. आई म्हणाली, आधी माणसांचं बघा. अण्णा म्हणाले, "म्हशी दूध देत्यात. तुमी काय देता?" त्यावर आईनं दोन दिवस त्यांना जेवणही दिलं नाही.

पुढं मी चळवळीत गेले आणि पत्रक काढलं: 'प्रत्येक बांधकामाची नोंद हा तुमचा हक्क आहे. जागे व्हा!' कुणी जागं होईना, म्हणून मी सुरुवात घरापासून केली. ग्रामपंचायतीच्या फॉर्मात रकाने तीनच होते: घर, दुकान, मोकळी जागा. गोठा नव्हताच. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, जाऊ द्या ताई, गोठ्याची नोंद कोण करतं? 'जाऊ द्या' ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी 'घर' यावर खूण केली. तिथं कुणी राहतं का, त्यांनी विचारलं. म्हटलं, राहतात की, पाच जणी. त्यांनी निमूट लिहिलं: प्रकार आरसीसी, वापर निवासी, मालक अण्णा. त्या उताऱ्याचा फोटो मी पुढच्या पत्रकावर छापला आणि वर मथळा दिला, 'लढलो, जिंकलो'.

मग सरकारी सवलतीच्या गृहकर्जाची जाहिरात आली. व्याजाचा काही भार सरकार उचलणार. अट एकच: कुटुंबाच्या नावावर कुठंही पक्कं घर नसावं. मी आणि अण्णा इंदापूरला बँकेत गेलो. कर्जाच्या साहेबांनी उतारा पाहिला.

"तुमचं पक्कं घर आहे की."

"तो गोठा आहे, साहेब."

"इथं निवासी लिहिलंय."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागले. साहेब तसा भला माणूस. म्हणाला, सोमवारी पाहणीला येतो, आत म्हशी दिसल्या की तसा शेरा मारतो. म्हणजे म्हशी दिसायला हव्या होत्या, एवढंच. आमच्या म्हशी दिसण्यात आजवर कधी कमी पडलेल्या नाहीत.

सोमवारी अण्णा पहाटेच रानात गेले आणि सकाळी मी बारामतीला छापखान्यातून पत्रकं आणायला निघाले. जाताना आईला म्हणाले, साहेब गोठा बघायला येतायत. (तालुकाभर लोकांना समजावत फिरणाऱ्या मुलीनं स्वतःच्या आईला एवढंच सांगितलं.) आईनं ऐकलं ते 'साहेब येतायत'. घरी आलेल्या माणसाला शेणात उभं करायचं? तिनं म्हशी लिंबाखाली नेऊन बांधल्या. गोठा तीनदा धुतला. गव्हाणीवर सतरंजी टाकली, शेजारून खुर्च्या आणल्या, दारात रांगोळी काढली आणि ठेवणीतल्या साडीचा पडदा लावला. पत्र्याखाली उकडतं म्हणून साहेबांची बसायची सोय तिथंच, पंख्याखाली. पंखा म्हशींचा होता. आमच्यासाठी कधी घेतलाच नव्हता.

मी एसटीतून उतरून, पत्रकांचा गठ्ठा घेऊन पोचले, तर साहेब गव्हाणीवर टेकून खिचडी खात होते.

"हवेशीर आहे," ते म्हणाले.

"व्हय, हितं गारच असतंय," आई म्हणाली.

साहेबांनी मोबाईल काढला आणि काकू, दारात उभ्या राहा म्हणाले. आईनं मला विचारलं, "पदर नीट हाय का गं?" आणि रांगोळीमागं, पडद्याशेजारी, ताटली धरून ती हसली. तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

मी गठ्ठा टाकला, पुरावा आणते म्हणाले आणि थोरली म्हैस सोडून आणली. ती दारापर्यंत आली. तिनं रांगोळी पाहिली. पडदा हलला. तिनं चारही पाय रोवले. मी पुढून ओढतेय, तेवढ्यात रानातून आलेले अण्णा मागून ढकलतायत आणि वर तिला समजावतायत, "चल की बाई, तुझंच घर हाय."

साहेब शांतपणे म्हणाले, "तिला इथली सवय दिसत नाही."

मग मी वीस मिनिटं भाषण केलं. साहेबांनी पंख्याखाली बसून ते पूर्ण ऐकलं आणि शेरा मारला: 'पक्के घर. निवासयोग्य. पंखा चालू.'

अर्ज नामंजूर झाला. पत्र्याच्या घराचा फोटो कुणी काढलाच नाही. साहेबांच्या मोबाईलमधल्या फॉर्मात त्याला रकानाच नव्हता. नोंद दुरुस्त करायला गेले, तर भाऊसाहेबांनी खणातून माझंच पत्रक काढलं. "ताई, जिंकल्याचं तुमीच छापलंय. आता हरल्याचा अर्ज कुठल्या नमुन्यात घ्यायचा?" मी आठवडाभर संतापून फिरत होते, सरकारवर, बँकेवर, रकान्यांवर. आई एकदाच बोलली. न्हाणीचं लुगडं बांबूला घट्ट बांधता बांधता म्हणाली, "घाण दाखवायची हाय, हे आदी सांगायचं की गं."

 हे वाक्य मी कुठल्याच पत्रकात छापलं नाही.

आता पंचनामा होणार आहे. त्या स्लॅबखाली माणूस राहत नाही, असं गावच्या पाच जणांनी सहीनिशी सांगायचं आहे. तीन सह्या झाल्या, दोन कमी आहेत. तुम्ही आमच्या गावचे असाल तर येत्या सोमवारी सकाळी दहाला ग्रामपंचायतीत या आणि सही करा. गावचे नसाल तरी या, आणि ज्याला नीट अर्ज लिहिता येतो असा एक माणूस सोबत आणा. आईनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलंय.