काकाकुव्याची वाटी

इथे जूनमध्ये हिवाळा; त्या थंडीत आई ठाण्याहून सातासमुद्रापार माझ्याकडे टूनगॅबीला आली आणि आठवड्याभरात मागच्या अंगणात येणाऱ्या रानातल्या काकाकुव्यांची अन्नपूर्णा झाली. स्टीलच्या वाटीत दूध-पोळी, वर गुळाचा चुरा. मी आणि नवरा कामावर गेलो की दिवसभर तिच्याशी बोलायला दुसरं होतं तरी कोण!

त्यांच्यातला एक टकला होता. छाती उघडी, तुऱ्याची दोनच पिसं उरलेली, धड उडताही येत नव्हतं. गवतावर दंव पडायचं आणि हा पायरीशी कुडकुडत उभा. आईने त्याला खोक्यात शाल घालून दिली, ती त्याने फाडली.

"सप्टेंबरपर्यंत तग धर रे बाबा," ती त्याला रोज बजावायची. "मग ऊन येईल."

शेवटी मी पक्षी वाचवणाऱ्या एका बाईंना फोन केला. त्यांनी येऊन लांबूनच पाहून सांगितलं, हा पिसं झडण्याचा रोग आहे, औषध नाही, आणि एका ताटलीत खाल्लं की बाकीच्यांनाही लागतो. खायला घालणं बंद करा. याला पकडून न्यावं लागेल.

"म्हणजे उष्ट्याने," आई म्हणाली. उष्ट्या पेल्यावरून तिचे धपाटे खात मी मोठी झाले.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या सगळ्या वाट्यांची ओळीने पंगत मांडली, प्रत्येकाला वेगळी. काकाकुव्यांची झुंबड नेमकी टकल्याच्याच वाटीवर. "अरे, आपापलं खा की मेल्यांनो!" आई लाटणं आपटत ओरडत होती. मला आधी हसू आलं, मग रडू. मी वाट्या उचलल्या आणि म्हटलं, "आई, आता काही घालायचं नाही."

बाई टॉवेल आणि पिंजरा घेऊन परत आल्या, पण त्यांना पाहताच तो शेडखाली घुसला. तो फक्त आईच्या हाकेला यायचा.

"नेऊन काय करणार?" आईने विचारलं.

मी सांगितलं. कायमचं झोपवायचं इंजेक्शन. इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं.

ती आत गेली. मग वाटी घेऊन पायरीवर बसली. "ये रे बाळा, ये." दोन पिसांचा तुरा उभारून तो तुरुतुरु आला. मागून टॉवेल पडला.

गाडी गेली तरी आई पायरीवरून उठेना. मी शेजारी जाऊन बसले.

"वाटी रिकामीच होती गं," ती म्हणाली. "तू घालू नको म्हणाली होतीस ना."