दुकानात वाजते, घरी वाजत नाही!

पार बंद पडलेल्या रेडिओचा कधी किस्सा होत नाही. तो आला, खोलला, जळालेला पार्ट बदलला, गेला. संपलं! किस्से साचतात ते अधूनमधून बिघडणाऱ्यांचे. बटन फिरवलं की एकदा लागतो, एकदा लागत नाही, आणि मेकॅनिकनं पाहिलं की हमखास लागतो. माझे निम्मे केस अशाच रेडिओंनी पिकवले.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बसस्टँडच्या मागं रशीदभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी त्यांच्याकडं कामाला लागलो तेव्हा तिशीला टेकलो होतो, घरी दोन लेकरं होती. पहिल्याच दिवशी उस्ताद म्हणाले, "बंद रेडिओले भिऊ नको. चालू रेडिओ दुरुस्तीले आला, तं भे!"

* * *

शिरपूरच्या एका कापडवाल्या शेठजींचा व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता. चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन ते यायचे. आमच्याकडं बटन फिरवलं की रेडिओ असा खणखणीत लागायचा, की रस्त्यावरची माणसं थांबायची. घरी नेला की मुका.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा शेठजी भडकले.

"हे तुमचं दुकान हाये का याचं माहेर? इथं आला का बोलते!"

चौथ्या वेळी उस्तादांनी मला रेडिओसोबतच शिरपूरला धाडलं. दुपारी लावला, लागला. पुन्हा लावला, पुन्हा लागला. शेठजी माझ्याकडं असे पाहत होते, जणू मीच त्याला फितवला होता. संध्याकाळी मात्र बटन फिरवलं, दिवा लागला, नुसती घूं-घूं झाली आणि पुढं काही नाही! त्याच वेळी घरामागं पिठाची गिरणी धडधडत होती. मी मीटर लावून पाहिला. व्होल्टेज पार तळाला गेलेलं. गिरणी थांबली, मी पुन्हा बटन फिरवलं, आणि गडी बोलायला लागला!

म्हटलं, "शेठजी, गिरणी तुमची सगळी वीज ओढून घेते. ती चालू असली का हा उठतच नाही."

शेठजी ताडकन उभे राहिले. "म्हणजे मी रेडिओ ऐकू तं गिरणीवाल्याच्या मर्जीनं? आत्ता जातो अन् त्याले दाखवतो!"

आतून शेठाणीबाईंचा आवाज आला, "कोणाले दाखवता? मागल्या साली गिरणी आपणच घेतली ना!"

* * *

रिसोडचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचाही रेडिओ मनात आलं तर लागायचा. उस्तादांनी त्यांना वही करायला लावली. "गुरुजी, रोज लावून पाहा अन् लिहून ठेवा. त्याच्यातून बिमारी पकडतो."

पंधरा दिवसांनी गुरुजी वही घेऊन आले. अक्षर मोत्यासारखं. उस्तादांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"सोमवार, लागला. मंगळवार, लागला नाही. बुधवार, लावला नाही, एकादशी होती. गुरुवार, लागला, परंतु भाषण सुमार होतं."

उस्तादांनी वही मिटली. "गुरुजी, रेडिओ घेऊन या. वही राहू द्या!"

* * *

केनवडच्या सखारामभाऊंचा ट्रान्झिस्टर तर त्याहून वरताण. माणूस साधा, पाच एकराचा शेतकरी. बाजारभाव ऐकूनच माल विकायला काढायचा. ट्रान्झिस्टर आमच्यासमोर लागत होता. शेवटी मी विचारपूस सुरू केली.

"कधी लागते हा?"

"चालू केला का."

"अन् कधी लागत नाही?"

भाऊंनी बराच विचार केला. "पाव्हणे आले का."

मी कपाळावर हात मारला. पण उस्ताद पुढं सरकले. "पाव्हणे आले का घरात काय होते? सगळं सांगा. चहापासून सांगा."

भाऊंनी चहापासून सांगितलं. चहा होते, जेवण होते, मग पाव्हण्यांना वावर दाखवायचं असते. यायला अंधार पडते, म्हणून टॉर्च लागते. टॉर्चला सेल नसतात. म्हणून ट्रान्झिस्टरमधले दोन काढायचे आणि मग परत आले की भाऊंचा बुढा बाप ते पुन्हा घालून ठेवते.

"बुढ्याले दिसते काय?"

"कोठून दिसते!"

बुढा हाताला येईल तसे सेल कोंबायचा. कधी सुलटे पडायचे, कधी एखादा उलटा. महिनाभर मी त्याचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, तपासत होतो! वैतागून म्हटलं, "भाऊ, मग टॉर्चचंही असंच होत असंल. तो नाही बिघडत कधी?"

"तो तं बिघडलाच हाये. तो दुसऱ्या दुकानात टाकला हाये!"

* * *

एक रेडिओ फक्त थंडा असताना लागायचा नाही. सकाळी पहिल्यांदा लावला की चूप. आमच्या दुकानात येईपर्यंत उन्हात तापून ठणठणीत. आठ दिवस मी डोकं फोडून घेतलं. शेवटी उस्तादांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणवला. रुमालाच्या पट्ट्या बर्फाच्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, ते उघड्या रेडिओच्या एकेका डागाजवळ ठेवू लागले. तोंडानं "आता बोल, बेट्या, आता बोल" चाललेलं. तिसऱ्या पट्टीला आवाज गेला. तिथंच डाग तडकलेला होता! मला तर आनंदानं उडी मारावीशी वाटली.

तेवढ्यात दारात उभा असलेला टांगेवाला हळू आवाजात विचारतो, "उस्ताद, ताप किती हाये त्याले?"

* * *

एका वर्षी पोहरादेवीच्या जत्रेत मंडपवाल्यानं आम्हाला भोंग्याच्या ॲम्प्लिफायरवर बसवलं. हरवलेल्या माणसांची नावं पुकारायची, एवढंच काम. पण ॲम्प्लिफायर असा, की तीनदा चालू करावा तेव्हा एकदा उठायचा. सकाळभर कसाबसा रेटला. दुपारी गर्दी भरात आली आणि तो साफ झोपला.

नेमकी तेव्हाच एक बाई धावत आली. पदर खांद्यावरून ओघळलेला, पायात एकच चप्पल.

"माही पोरगी! सात वर्साची हाये. हिरवं परकर-पोलकं हाये. गंगू नाव हाये. पुकारा ना!"

मी फ्यूज पाहिला. बरोबर होता. व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवले. वायर हलवली. जनरेटरवाल्याला ओरडून इंजिन वाढवायला लावलं. काही नाही. बाई टेबलाची कड धरून उभी होती. मला तिच्याकडं पाहवेना.

"काहून नाही बोलून राह्यले तुमी?" ती म्हणाली. "ते मोठं तळं हाये तिकडं."

मग मात्र उस्तादांचा तोल गेला. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबलावर दणकन मूठ मारली आणि माझ्यावरच तुटून पडले.

"अबे, इतके साल काय शिकला तू? हे डबडं चालू होत नाही तुझ्यानं? अन् ह्या हरामखोर डबड्याले आजच मरायचं होतं! तिकडं लेकरू हरपलं, अन् आपण दोघं गधे इथं वायरी मोजून राह्यलो!"

मीही ओरडलो, "तं मंग तुमीच करा ना! मी काय देव हावो काय?"

"देव नाही, गधा! गधा म्हणलं मी!"

आणि हे 'गधा' चारही दिशांनी परत आलं. भोंगे चालू झाले होते! कधी झाले, कुणास ठाऊक. सगळी जत्रा आमचं भांडण ऐकत होती. लोक हसत, धावत मांडवाकडं निघाले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

त्या लोंढ्यात एक उंच माणूस होता. त्याच्या खांद्यावर हिरव्या परकर-पोलक्यातली पोरगी बसली होती.

बाईनं तिला खाली ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग छातीशी असं धरलं, की पोरीचा श्वास कोंडला.

तो माणूस घाम पुसत म्हणाला, "मघापासून हिले घेऊन फिरून राह्यलो. भोंग्यावर कोणी बोलतच नव्हतं. भांडण ऐकू आलं, तं म्हटलं चला पाहून येऊ."

उस्ताद खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं होतं. मी माईक हातात घेऊन पुढच्या नावाची वाट पाहत उभा होतो.

गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. त्याची बायको सकाळपासून सापडत नव्हती.

"नाव सांगा, बाबा," मी म्हटलं. "आत्ता पुकारतो."

म्हाताऱ्यानं उस्तादांकडं बोट केलं. "नाव पुकारून ते येत नाही. तुमी दोघं मघासारखं भांडा!"