टॅपेटची टिकटिक

माझे भाऊजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. या माणसाने एकेचाळीस वर्षं एकच गाडी चालवली. आधी टॅक्सी म्हणून, मग हौसेने. गोल पाठीची, आता कुठे बघायलाही मिळत नाही अशी.

"इंजिन गेलंय, भाऊजी. बदला," मी तोंडावर सांगितलं. मी आहेच फटकळ. गॅरेजात गोड बोलून नट सुटत नाहीत.

आणि खोटं काय होतं त्यात? निळा धूर ओकत होतं, ऑइल घटाघटा पीत होतं, चढावर धापा टाकत होतं. माझ्याकडे नव्या गाडीचं चांगलं इंजिन पडून होतं, चार दिवसांत बसवलं असतं. जुनंच नीट करायचं तर दोन महिने, आणि सुटे भाग मिळाले तर मिळाले.

भाऊजी बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "तुझ्या ताईला हाच आवाज कळतो रे."

तीन वर्षांपासून ताईचं सगळं पुसत चाललं होतं. मला ती कधी आमचे वडील समजायची, कधी नळ दुरुस्तीवाला. भाऊजी समोर बसले असले तरी विचारायची, "कोण हो तुम्ही?" पण संध्याकाळी ही गाडी गल्लीत वळली की उठायची, केसांवरून हात फिरवायची, दार उघडायची. "आलात? किती उशीर!" मग तासभर ती त्यांची बायको असायची. त्या एका तासासाठी हा माणूस रोज पाचला, काही काम नसताना, चौकापर्यंत जाऊन यायचा.

"आता बोला!" मी म्हणालो आणि इंजिन खोलायला घेतलं.

दोन महिने जीव ओतला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग. एक भाग कुठेच मिळेना, तो लेथवर करून घेतला. भाऊजी रोज येऊन स्टुलावर बसायचे. "हल्ली मला 'काका' म्हणते," असं हसत सांगायचे. त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नसे, मी पाना शोधत बसायचो.

शेवटी गाडी चालू केली. इतकी शांत, की बॉनेटवरचा चहाचा कप हलेना! माझी छाती फुगली. भाऊजींनी कान दिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ती टिकटिक कुठे गेली?"

टॅपेट! इंजिनाच्या डोक्यावरचे खटके, सैल झाले की वाजतात. त्यांचे वीस वर्षं वाजत होते. दर वेळी मी म्हणायचो, "सेट करून देतो," आणि ते म्हणायचे, "असू दे रे." या खेपेला कुणाला न विचारता, सवयीने, माझा हात गेला. गेज घालून फट नेमकी ठेवली. खटका दाबणारा झिजलेला रॉकरसुद्धा बदलला, जुना भंगारात. अरे गाढवा, आवाजासाठीच तर इंजिन ठेवलं होतं ना!

"कळेलही तिला," भाऊजी म्हणाले. ते मलाच धीर देत होते.

गाडी गल्लीत वळली. दार उघडलं नाही. भाऊजींनी दोनदा फेरी मारली. खिडकीतून ताईने बघितलं आणि तोंड फिरवलं.

मग मी टॅपेट पुन्हा सैल केले. एक, दोन, सगळे. आवाज यायचा, पण तो नाही. भंगारवाल्याकडचा ढीग दोन दिवस उपसला, कोपरं सोलवटली, रॉकर काही सापडला नाही. भाऊजींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल गेलो होतो. ताई खिडकीशी बसली होती, भाऊजी शेजारच्या खुर्चीवर.

"हे अजून आले नाहीत हो, काका," ती त्यांना म्हणाली. "असं कधी करत नाहीत."

"येतील," भाऊजी म्हणाले. "वाटेत अडकले असतील."

"तोवर तुम्ही बसाल का जरा? एकटीला करमत नाही."

"बसतो की," ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.