गुळाच्या मोटारीला लॉरीचे पाटे

नाथाजी फौजेतून परत आला, त्या वेळी त्याच्याजवळ तीन गोष्टी होत्या: एक लोखंडी ट्रंक, एक ओव्हरकोट आणि 'मिस्तरी' ही पदवी. पहिल्या दोन सरकारने दिल्या. तिसरी आष्ट्याच्या लोकांनी. चार वर्षं तो बसऱ्याच्या मोटारखान्यात होता, हे खरंच होतं. फक्त तिथं त्याच्याकडे चाकांत हवा भरण्याचं काम होतं. कुणी इंजिनाचं झाकण उघडलं की त्याला आधी बाजूला उभं करत. हे त्याने गावात सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही, असं तो बायकोला म्हणे.

"आन इचारलं असतं तर सांगनार हुता व्हय?" चंद्राबाई म्हणे. त्यावर तो ओव्हरकोट झटकायला घेई.

सेहेचाळीस साली गुळाचे व्यापारी हरिबाअण्णा यांनी लष्करी लिलावातून एक जुनी पिकप मोटार आणली. पुढं दोघांना बसायला जागा, मागं उघडा हौदा. पण हौद्यात ढेपा भरल्या की मागचा भाग म्हशीसारखा खाली बसायचा आणि पत्रा चाकांना घासायचा. तेव्हा अण्णांनी सांगलीच्या भंगार बाजारातून एका मोठ्या लॉरीचे दोन पाटे आणले. पाटा म्हणजे लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान. ती चाकांची आस आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये बसते आणि सगळा भार झेलते.

"मिस्तरी, हे बसीव," अण्णा म्हणाले. "शनवारच्या सौद्याला माल सांगलीत धडका पोचला, तर गाडी कायमची तुझ्या हातात. न्हाई जमलं तर सांगलीचा मिस्तरी आनतो."

नाथाजीला गाडी हवी होती, पण त्याहून जास्त, सांगलीचा मिस्तरी नको होता. तो आला असता तर त्याने दोनच प्रश्न विचारले असते, आणि तिसऱ्याची गरज पडली नसती.

दोन दिवस तो गाडीखाली होता. जुने पाटे सोडताना त्याचं नखही सुटून आलं. नवे पाटे बसले, कड्या आवळल्या, गाडी वीतभर उंच झाली. एका खटपटीचा तर त्याला विशेष अभिमान वाटला. दोन्ही पाट्यांच्या एकाच अंगाला पांढऱ्या रंगात आकडे लिहिलेले होते. आणले तसे बसवले असते तर एका बाजूचे आकडे बाहेर दिसले असते आणि दुसऱ्या बाजूचे आत गेले असते. बैलाच्या झुलीची नक्षी कुणी आत घालतं का? नाथाजीने एक पाटा फिरवून घेतला. आता दोन्हीकडचे आकडे बाहेर. हौद्याभोवती फेरी मारून त्याने स्वतःलाच शाबासकी दिली. दुसरं कुणी जवळ नव्हतं.

बुधवारी रिकामी गाडी घेऊन अण्णांसह तो निघाला. पहिल्याच खड्ड्यात अण्णांचा पटका छताला लागला. दुसऱ्यात अण्णा लागले.

"नाथा, मोटार हाय का खोंड हाय रं?"

"भार न्हाई म्हनून, अण्णा. लॉरीचं पाटं हैत, रिकामं असलं की ताठत्यात."

हे त्याने अंदाजाने सांगितलं होतं, पण ते खरं निघालं, याचं त्यालाच नवल वाटलं. घरी येऊन त्याने प्रत्येक पाट्यातली एकेक पट्टी कमी केली, उरलेल्यांना ग्रीस लावलं, हौद्यात वाळूची पोती टाकली. उड्या थांबल्या. पण दुसरंच दुखणं वर आलं. स्टेरिंग सरळ धरलं की गाडी डाव्या अंगाला चरायला निघे.

गुरुवारी दिवसभर त्याने उपाय केले. आधी चाकांत हवा भरली, कारण ते येत होतं. मग काढली. मग पुन्हा भरली. स्टेरिंगचे बोल्ट आवळले, ढिले केले. रस्त्याला उतार आहे म्हणून गाडी फिरवून उलट दिशेने आणली, तरी ती डावीकडेच. शेवटी चंद्राबाईने पुढच्या पत्र्याला लिंबू-मिरची बांधली. त्याने ती काढली नाही.

शुक्रवारी सकाळी तो इस्लामपूरच्या रस्त्याला गाडी थांबवून पायरीवर बसला होता. आटपाडीकडचा सिद्धू धनगर मेंढरं घेऊन तिथून चालला होता. तो धुळीत वाकून बघत राहिला.

"पावनं, तुमची मोटार लंगडती."

"मोटार कशी लंगडंल?"

"धुळीतला माग बघा की. मेंढरू धड असलं की मागचा पाय फुडच्याच्या मागावर पडतो. हितं चार चाकांचं चार माग पडल्यात. मागचं धड तिरकं चाललंय. कंबर धरली आसंल."

नाथाजी उठला. धुळीत खरोखर चार रेषा होत्या. त्याने सिद्धूकडून सुतळी मागितली आणि पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत दोन्ही बाजू मापल्या. एका बाजूला दोन बोटं कमी भरली. तो गाडीखाली शिरला. आस ज्या बोल्टावर बसते, तो पाट्याच्या बरोबर मधोमध नव्हताच. एका टोकाकडे जरासा सरकलेला होता. दोन्ही पाटे एका तोंडाने बसले असते तर बिघडलं नसतं. त्याने नक्षीसाठी एकाचं तोंड फिरवलं होतं, त्यामुळे आसेचं एक टोक पुढं आणि एक मागं गेलं होतं.

"काय सापाडलं?" सिद्धूने विचारलं.

"एक गाढाव," खालून नाथाजी म्हणाला.

सांजेपर्यंत पाटा सरळ झाला. आकडे एका बाजूला आत गेले.

शनिवारी भरल्या हौद्याने गाडी सांगलीत पोचली. एकही ढेप फुटली नव्हती. अण्णा सौद्याच्या आवारात उतरले आणि ओळखीच्या नानासो अडत्याला मोठ्याने म्हणाले, "आमचा मिस्तरी. फौजेतला."

नानासोंची लॉरी महिनाभर एका अंगाला कलत होती. "मग आमची बी बघा की," ते म्हणाले.

गाडी नाथाजीच्या हातात आली होती, तो गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण लॉरी दुसऱ्याची होती आणि माल भरून घाटात जाणारी होती.

"मालक, मी मिस्तरी न्हाई," तो म्हणाला. "फौजेत मी नुसती हवा भरत हुतो. अण्णांच्या गाडीचा पाटा मीच उलटा बसीवला. चूक एका धनगरानं दावली."

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की आता किल्ली मागणार. मग नानासो हसून अण्णांना म्हणाले, "बघा. आमचा मिस्तरी हाय, त्यो सोताची चूक मरंपातूर कबूल करत न्हाई. ह्यो मानूस पक्का हाय."

"तसाच हाय त्यो," अण्णा म्हणाले, जणू त्यांनाच ते आधी सुचलं होतं.

"मला खरंच येत न्हाई, मालक."

"आसंच म्हनत्यात जानती मानसं."

पुढं वीस वर्षं नाथाजी 'मला येत नाही' असं सांगत राहिला, आणि जितकं सांगितलं तितक्या दुरून गाड्या येत राहिल्या. त्या दिवशी मात्र त्याने नानासोंच्या ड्रायव्हरकडून सुतळी मागून घेतली आणि लॉरीखाली शिरला. मापायला तरी येत होतं.